भाऊजींचं टाकं

राष्ट्रीय महामार्ग 53 वर, अमरावतीजवळच्या लोणीपासून अकोला जिल्ह्यातल्या मानापर्यंत, जून 2022 मध्ये 75 किलोमीटरचा डांबरी पट्टा सलग 105 तास 33 मिनिटांत अंथरला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. याच रस्त्याच्या आसऱ्याने, मूर्तिजापूरच्या अंगाला, आमच्या भाऊजींचं शेत आहे आणि शेतात नवं फार्महाऊस आहे. त्या फार्महाऊसच्या अंगणातल्या स्विमिंग पूलला आतून काय लावायचं, हे ठरायला अख्खा उन्हाळा, अख्खा पावसाळा आणि वर दिवाळीची सुटी लागली. गिनीजवाले पुन्हा त्या बाजूला फिरकले नाहीत म्हणून, नाहीतर एकाच महामार्गावर दोन विक्रम नोंदले गेले असते.

भाऊजींची अकोल्यात दालमिल आहे. शंभर क्विंटल तुरीचा सौदा ते जेवता जेवता, उष्ट्या हाताने फोन कानाशी धरून करतात. पण तुरीच्या सौद्यात ताई, बुढीमाय आणि पुण्यात नोकरी करणारा भाचा यांना मत नसतं. घराच्या कामात असतं. शिवाय ज्याने जन्मभर बादली-मग्ग्याने अंघोळ केली तो येणारा-जाणारा प्रत्येक माणूस पूलच्या फिनिशबद्दल कमालीचा ठाम असतो. नळाच्या वायसरबद्दल लोक प्लंबरला विचारतात. स्विमिंग पूलबद्दल मात्र ते थेट सल्ला देतात.

खरं तर वऱ्हाडातल्या मागच्या पिढ्या विहिरीतच पोहायला शिकल्या. पाठीला वाळका भोपळा किंवा बुच लावलेला पत्र्याचा डबा बांधायचा आणि काकाने वरून ढकलून द्यायचं, एवढाच अभ्यासक्रम. विहिरीला आतून काय लावलंय हे कुणी बघायला जात नसे. काळा दगड असे, फटीत पिंपळ असे, कपारीत कबुतरं असत. अमरावतीच्या पोरांचं नशीब जरा बरं. 1914 साली सुरू झालेल्या आणि 1936 साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवून आलेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा तलाव त्यांना मिळाला. अकोल्याच्या पोरांनी वसंत देसाई क्रीडांगणातल्या तलावात हातपाय मारले. तिथेही टाईलकडे लक्ष द्यायला वेळ नसायचा, कारण शिट्टीवाले सर काठावर उभे असायचे.

राजेरजवाडेही आपल्यापेक्षा सुखी होते. अचलपूरजवळ तळ्याच्या मधोमध अष्टकोनी हौज कटोरा बांधला गेला, दर्यापूर तालुक्यात महिमापूरची सात मजली पायविहीर खोदली गेली. पण त्या बांधणाऱ्यांपुढे दगड आणि चुना एवढेच पर्याय होते, म्हणून ती कामं पूर्ण झाली. त्यांच्या हातात मोरबीच्या टाईलचा कॅटलॉग दिला असता तर महिमापूरच्या विहिरीचा आज फक्त खड्डा दिसला असता आणि गाईडने सांगितलं असतं, बेगमसाहेबांचा रंग ठरत नव्हता.

भाऊजींचा मूळ बेत 40 फूट लांब, 20 फूट रुंद आणि 5 फूट खोल अशा टाक्याचा होता. नागपूरहून आलेल्या कंत्राटदाराने कॅल्क्युलेटर काढून सांगितलं, की यात एक लाख तेरा हजार लिटर पाणी मावेल आणि आतून चौदाशे चौरस फूट टाईल लागेल. पाच हजार लिटरचे तेवीस टँकर! भाऊजींनी पाणी प्यायलं. त्यानंतर प्रत्येक बैठकीत टाकं थोडं थोडं आटत गेलं, आणि अजून त्यात थेंबभर पाणी पडलेलं नव्हतं. शेवटी ते 20 बाय 10 वर आणि साडेचार फुटांवर येऊन थांबलं. पंचवीस हजार लिटर, पाच टँकर, पावणेपाचशे चौरस फूट. "पोहाले थोडीच करून रायलो," भाऊजी म्हणाले, "बसाले करून रायलो."

पहिला नकार दिला तो काळ्या मातीने. ही माती कपाशीला जेवढी प्रेमळ, तेवढीच बांधकामाला खाष्ट. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आक्रसते. पावसाळ्यात ती टाक्याच्या भिंतींना बाहेरून आत ढकलते, उन्हाळ्यात अंग चोरून घेते आणि भिंत अधांतरी राहते. एप्रिलमध्ये शेतात पडलेल्या भेगांत भाऊजींची चप्पल गेली की ते काठीने काढतात, हा दरवर्षीचा कार्यक्रम आहे. अशा जमिनीवर महागडी काचेची टाईल लावायची तर खालचा सांगाडा हलता कामा नये. टाईलला लवचीकपणा नसतो. जमीन हलली की ती सरळ तडकते आणि बिल मालकाला पाठवते.

मग तयार फायबरचं टाकं पुढे आलं. ट्रेलरवरून आणायचं, खड्ड्यात ठेवायचं, कडेने भरण करायचं, टाईलची भानगडच नाही. आतला गुळगुळीत थर कारखान्यातूनच लागून येतो. भाऊजी खूश झाले. तेवढ्यात कंत्राटदाराने प्रामाणिकपणे सांगितलं, की पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर आलं आणि टाकं नेमकं रिकामं असलं, तर ते खालच्या पाण्याच्या दाबाने वर उचललं जाऊ शकतं. त्यासाठी खाली दाब सोडणारी झडप वगैरे करावी लागते.

"म्हंजे आपन रात्री झोपलो," बुढीमाय म्हणाल्या, "आन सकाऊन टाकं आंगनात येऊन बसन?"

फायबर तिथेच बुडालं. ठरलं ते असं: काळी माती पूर्ण काढायची, मुरुमाचे थर पाणी मारून, रोलर फिरवून बसवायचे आणि वर लोखंडी सळ्यांचं जाळं बांधून सलग काँक्रीटचा कटोरा ओतायचा. गावातल्या मिस्त्रीला विचारलं, जमेल का? मिस्त्रीचं उत्तर प्रत्येक प्रश्नाला एकच असतं. "होऊन जाते, भाऊ."

खड्डा झाल्यावर रंगाची बैठक बसली. ताईला निळी काचेची मोझॅक हवी होती, जिचे नखाएवढे तुकडे फूटभर कागदावर चिकटवून येतात. भाच्याने पुण्याहून व्हिडीओ कॉलवर सांगितलं, की निळा रंग आता फक्त हॉटेलवाले लावतात. जगभर काळ्या तळाचे पूल चालले आहेत, त्यात आभाळाचं प्रतिबिंब पडतं. कंत्राटदाराने एक माहिती दिली ती सगळ्यांना नवी होती. पांढऱ्या तळाच्या टाक्यातलं पाणीही निळसरच दिसतं, कारण उजेडातला तांबडा भाग पाणी थोडा थोडा गिळून टाकतं. म्हणजे निळ्या टाईलचे पैसे न देता निळं पाणी मिळतं. हे ऐकून भाऊजींच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, ते भौतिकशास्त्राच्या कुठल्याही मास्तराला उभ्या जन्मात पाहायला मिळालं नसेल.

काळ्या रंगाचा निकाल तर मे महिन्यानेच लावला. गडद तळ ऊन शोषून घेतो आणि पाणी तापवतो. थंड मुलखात ती सोय आहे, अकोल्यात ती शिक्षा आहे. "काळ्या रंगाचं टाकं आपल्या गच्चीवर आहेच की," ताई मुलाला म्हणाली, "दुपारी दोन वाजता त्याचा नळ सोड आणि हात लावून बघ." भाच्याने पुण्यातून हात लावायचं नाकारलं. मग त्याने इंडोनेशियातला सुकाबुमी नावाचा हिरवा दगड सुचवला. तो लावला की बालीतल्या रिसॉर्टातलं हिरवंगार पाणी तयार होतं म्हणे. बुढीमायने फोन हातात घेऊन तो फोटो डोळ्यांजवळ नेला.

"अगं माय," त्या ताईला म्हणाल्या, "अशा रंगाचा हौद मी साऱ्या जिंदगीत नारळाच्या शेंडीनं घासू घासू पांढरा केला. आता पैशे देऊन हिरवा करता का?"

इंडोनेशियाचा दगड इंडोनेशियातच राहिला.

काठाच्या दगडाची परीक्षा मात्र शास्त्रशुद्ध झाली. भाऊजींनी सगळे नमुने आणवून भर मे महिन्यात अंगणात एका ओळीत मांडले: काळा ग्रॅनाईट, पॉलिश केलेला कोटा, शहाबादी फरशी, राजस्थानचा फिका वाळूचा दगड, खडबडीत विटकरी टाईल आणि शेवटी गच्चीवर लावतात ती पांढरी चायना मोझॅक. दुपारी अडीचला अनवाणी चालून बघायचं ठरलं. पहिला मान घरधन्याचा. काळ्या ग्रॅनाईटवर भाऊजींचा पाय टेकला आणि दालमिल चालवणारा हा भारदस्त माणूस थेट चौथ्या नमुन्यावर जाऊन उतरला. मधल्या दोन दगडांचा अभिप्राय मिळालाच नाही. वाळूच्या दगडावर ते क्षणभर उभे राहू शकले. चायना मोझॅकवर ते चक्क थांबून बोलले.

त्या आठवड्यात परिसरातली मंडळी "दगड पाहाले" येऊ लागली. कुणी जोडे काढून चालून बघे, कुणी दुसऱ्याला चालायला लावून बघे. एका पाव्हण्याने पॉलिश कोट्यावर बादलीभर पाणी ओतून घेतलं, वर पाय ठेवला आणि कोटा ओला झाल्यावर किती निसरडा होतो हे स्वतःच्या पाठीने सिद्ध केलं. त्या दिवशी कोटाही बाद झाला. वऱ्हाडी माणूस तोंडी माहितीवर कधी विश्वास ठेवत नाही. तो ज्ञान अंगावर घेतो.

एवढं होऊनही खरा परीक्षक अजून बोललाच नव्हता. तो बोअरमध्ये होता. पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेला आहे. इथे जमिनीतून पाणी काढणं सोपं, पिणं अवघड. ते पाणी टाक्यात भरलं तर टाईलचं काय होईल, यासाठी प्रयोगशाळेत जायची गरज नव्हती. प्रत्येक घरात ती प्रयोगशाळा मार्च ते जून खिडकीत घरघरत असते. कूलरच्या गवताच्या जाळीवर, टाकीच्या कडेला आणि पंपाच्या नळीवर जो पांढरा टणक थर चढतो, तोच पूलमध्ये पाण्याच्या रेषेवर चढणार. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. गडद टाईलवर ही पांढरी कड रस्त्यावरून दिसते, फिक्या टाईलवर ती पाहुण्यांपासून लपते.

नेमक्या या वेळी एका विक्रेत्याने मिठाच्या पाण्याचा पूल सुचवला. पाण्यात लिटरला तीन-चार ग्रॅम मीठ टाकायचं, यंत्रातून वीज सोडायची आणि त्यातूनच क्लोरीन तयार होत राहील. डोळे चुरचुरत नाहीत, परदेशात सगळे हेच वापरतात.

भाऊजी बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. "मीठ विकत घ्याचं?" त्यांनी विचारलं. "आमच्या बापजाद्यायची जिंदगी इथलं मीठ काढू काढू गेली, भाऊ. तुमाले किती पोते पायजे ते सांगा, मी पाठवतो."

टाईलऐवजी मार्बल पावडर आणि पांढरं सिमेंट यांचा गुळगुळीत गिलावा स्वस्तात होतो, पण तो पाण्याच्या स्वभावावर जगतो. पाणी आम्ल आणि मऊ असलं तर ते गिलाव्यातला चुना खाऊन त्याला खरबरीत करतं. जड असलं तर स्वतःजवळचे क्षार त्याच्यावर लिंपतं. म्हणून पीएच साडेसातच्या आसपास सांभाळत बसावं लागतं. क्लोरिनेटेड रबरचा रंग आणखी स्वस्त, पण दोन-तीन वर्षांनी टाकं रिकामं करून पुन्हा मारायचा. टाकं रिकामं करायचं म्हणजे पंचवीस हजार लिटर गोडं पाणी सोडून द्यायचं. काटेपूर्णा धरणाच्या पाण्यावर जगणाऱ्या आणि नळाला रोज पाणी न येणाऱ्या अकोल्यातल्या माणसाला हे वाक्य उच्चारतानाही आजूबाजूला बघावं लागतं.

सगळे पर्याय असे एकेक करून गळाले आणि मागे उरली ती कुणाचीही पहिली पसंती नसलेली वस्तू: फिक्या रंगाची, किंचित निळसर झाक असलेली, मॅट फिनिशची व्हिट्रिफाईड मोझॅक. ही टाईल अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी पिते. पायऱ्यांवर आणि उथळ भागात खडबडीत तुकडे, कारण तिथे पाय घसरतो. भिंतींना गुळगुळीत, कारण खडबडीत पृष्ठभागावर क्षार आणि शेवाळ दोघेही भाडं न देता राहतात. काठाला राजस्थानचा फिका दगड. सांध्यांत साध्या सिमेंटऐवजी इपॉक्सी ग्राउट, म्हणजे पाणी आणि क्लोरीन ते झिजवत नाहीत.

इपॉक्सीने मिस्त्रीचा "होऊन जाते" प्रथमच अडवला. हा माल कालवला की ठरावीक वेळात वापरावा आणि टाईलवरचा पुसून काढावा लागतो. उकाड्यात तो वेळ आणखी घटतो. मिस्त्रीने सवयीप्रमाणे माल कालवला, बिडी पेटवली, शेजारच्या शेतातल्या माणसाशी कपाशीच्या भावाबद्दल दोन शब्द बोलला आणि परतला तर घमेल्यात थापी उभी राहिलेली. ती ओढली तर घमेलं सोबत आलं. दुसऱ्या दिवसापासून काम पहाटे चारला सुरू होऊन आठला बंद होऊ लागलं, आणि शेजारच्या माणसाला कपाशीचे भाव कळेनासे झाले.

टाईलच्या आधी मात्र एक मोठा थर येऊन गेला होता. काँक्रीटवर वॉटरप्रूफिंगचे दोन हात, कोपऱ्यांना गोलाई, पाइपांच्या तोंडाशी वेगळं सील आणि मग पाणी भरून आठवडाभर ठेवायचं. गळती आहे का हे टाईल लावण्याआधी बघायचं, नंतर फक्त रडायचं. मेच्या उन्हात रोज पाण्याची पातळी उतरू लागली. कंत्राटदार म्हणाला, ही वाफ आहे. भाऊजी म्हणाले, हे बिल आहे. भांडण सोडवायला बादलीची चाचणी असते: बादलीत टाक्याचंच पाणी भरून ती टाक्याच्या पायरीवर पाण्यात ठेवायची, आत आणि बाहेर खूण करायची आणि चोवीस तासांनी बघायचं. दोन्ही पाणी सारखं उतरलं तर वाफ, टाक्याचं जास्त उतरलं तर गळती. मिस्त्रीने सोयीसाठी बादली काठावर ठेवली. दुसऱ्या दिवशी टाक्याचं पाणी बोटभर उतरलेलं आणि बादलीचं अर्ध्यावर आलेलं.

"भाऊ," मिस्त्री हरखून म्हणाला, "गळती सोडा, टाक्यात पानी वाढून रायलं!"

बादलीशेजारी गोऱ्ह्याच्या खुरांचे ठसे होते. दुसऱ्यांदा बादली पायरीवर गेली, दोन्ही पातळ्या सारख्या उतरल्या, आणि वाफेवर शिक्कामोर्तब झालं. मग भाऊजींनी वाफेचा हिशोब केला. मे महिन्यात दिवसाला एक सेंटिमीटर पाणी उडालं, तरी 20 बाय 10 च्या टाक्यातून रोज एकशे ऐंशी लिटरच्या वर पाणी आभाळात जातं. आभाळाकडून ते परत मूर्तिजापुरातच येईल याची हमी नाही.

त्याच दिवशी मिलमधून ताडपत्री आली. आता टाकं दिवसभर झाकलेलं असतं. अंधार पडला की ताडपत्री निघते, घरची मंडळी तासभर पाण्यात बसतात आणि पुन्हा ती ओढली जाते. ज्या रंगासाठी तीन ऋतू बैठका झाल्या तो रंग उन्हात कुणीच पाहिलेला नाही. ताडपत्री मात्र गर्द निळी आहे. ताई म्हणते, शेवटी माझंच झालं.

आता अमरावतीपासून अकोल्यापर्यंतचे होतकरू पूलमालक सल्ल्याला भाऊजींकडे येतात. भाऊजी त्यांना टाकं दाखवत नाहीत. मोबाईल काढून लग्नाच्या अल्बमसारखे एकेक फोटो दाखवतात. हा मुरूम. हे सळ्यांचं जाळं. हा वॉटरप्रूफिंगचा पहिला हात, हा दुसरा. हे पाइपाभोवतीचं सील, जवळून. पैसे खाली गेले पाहिजेत, ते बजावतात, दिसते ते सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात कमी महत्त्वाचं. परवा दर्यापूरकडचे एक काकाजी वही घेऊन आले होते. त्यांनी मातीपासून बादलीपर्यंत सगळं टिपून घेतलं, दोनदा वाचून दाखवलं, चहा घेतला, चपला घातल्या आणि फाटकापाशी जाऊन मागे वळले.

"ते सारं बराबर आहे, भाऊ. पन कलर कोनता घेऊ?"